सिमेंट कालवणारा हात : दंतवैद्यकीय सहायकांसाठी भरणसाहित्याचे सविस्तर मार्गदर्शन

दातात भरलेले सिमेंट सहा महिन्यांत निघून आले की रुग्ण डॉक्टरांना दोष देतो आणि डॉक्टर सिमेंटच्या कंपनीला. अनेकदा खरे कारण या दोघांच्या मध्ये असते. भुकटी आणि द्रव किती घेतले, ते किती वेळ आणि कशा पद्धतीने कालवले, दातापर्यंत पोहोचेपर्यंत मिश्रणाची स्थिती काय होती आणि त्या अर्ध्या मिनिटात दात कोरडा राहिला होता का, यांवर भरणाचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात ठरते. तालुक्याच्या गावातील बहुतेक दवाखान्यांत ही कामे सहायक करतात, आणि ती एखाद्या जुन्या सहायिकेच्या हाताकडे पाहून शिकतात. पाहून शिकण्यात गैर काहीच नाही. मात्र पाहताना कृती दिसते, तिच्यामागचे कारण दिसत नाही, आणि कारण ठाऊक नसेल तर हवामान, बाटली किंवा कंपनी बदलल्यावर तीच कृती चुकते. म्हणून या लेखात प्रत्येक कृतीबरोबर तिचे कारण दिले आहे.

रुग्ण खुर्चीवर बसण्यापूर्वी

डॉक्टर कोणते साहित्य मागणार आहेत, याचा अंदाज सहायकाला आधी यायला हवा, आणि तो तीन गोष्टींवरून येतो. खड्डा नसेच्या किती जवळ गेला आहे, ती जागा कोरडी ठेवता येणार आहे का आणि तिथे चावण्याचा दाब किती पडणार आहे, हे त्या तीन गोष्टींतून पाहायचे. हिरडीलगतची कीड असेल, तिथे सतत ओल येत असेल आणि चावण्याचा थेट दाब नसेल, तर बहुधा ग्लास आयनोमर लागेल. समोरचा दात तुटला असेल किंवा दाढेच्या माथ्यावरचा खड्डा नीट कोरडा ठेवता येत असेल, तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे, प्रकाशाने घट्ट होणारे रेझिनचे साहित्य. खड्डा फार खोल असेल तर कायमस्वरूपी भरणाच्या खाली कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर किंवा बायोडेंटिनसारखे, नसेजवळ ठेवायचे सिमेंट लागेल. दात ठणकत असेल आणि आज फक्त शांत करून पाठवायचा असेल, तर झिंक ऑक्साइड युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलाचे तात्पुरते सिमेंट. निर्णय डॉक्टरांचाच असतो. परंतु ट्रे आधीच त्याप्रमाणे लावलेला असला की ऐन वेळी कपाट शोधण्यात जाणारी दोन मिनिटे वाचतात, आणि तयार केलेला कोरडा दात तेवढ्यात लाळेने भिजत नाही.

बाटलीवरची मुदत रोज पाहण्याची गरज नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळी बाटल्या-नळकांडी एकदा तपासली तरी पुरते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी मात्र रोज सोडले पाहिजे. त्या टाकीतील ओल आणि तेलाचा अंश हवा-पाणी मारणाऱ्या थ्री-वे सिरिंजमधून थेट दातावर येतो, आणि डॉक्टर ज्याला कोरडा दात समजतात त्यावर तेलाचा अदृश्य थर बसलेला असतो. तोंडाच्या आरशावर सिरिंजची हवा दोन सेकंद मारून पाहावी. आरशावर ठिपके दिसले तर त्या हवेने दात वाळवू नये.

ग्लास आयनोमर : झटपट आणि थोड्या जागेत

हे सिमेंट लंडनमधील ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी विकसित केले आणि 1972 मध्ये त्याविषयी प्रथम सविस्तर लिहिले. याची भुकटी म्हणजे फ्लोराइडयुक्त काचेचा अत्यंत बारीक चुरा, आणि द्रव म्हणजे मुख्यतः पॉलिॲक्रिलिक आम्लाचे पाण्यातील द्रावण. या सिमेंटचा मोठा गुण असा की ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, त्यामुळे ते अडकून राहावे म्हणून निरोगी दात फारसा कापावा लागत नाही. ते फ्लोराइड हळूहळू सोडते, आणि तापमान बदलल्यावर त्याचे प्रसरण जवळपास दाताइतकेच होते, ही बाब उकळत्या चहावर गार पाणी पिणाऱ्यांच्या तोंडात महत्त्वाची ठरते. दोष असा की ते ठिसूळ आहे. मोठ्या माणसाच्या दाढेचा तुटलेला उंचवटा त्याने उभारला तर तो टिकत नाही.

कॅप बसवण्याचे ग्लास आयनोमर वेगळे आणि भरण्याचे वेगळे. कॅपसाठीच्या सिमेंटमध्ये भुकटीचे प्रमाण कमी ठेवलेले असते, कारण ते पातळ पसरायला हवे. भरण्याच्या सिमेंटमध्ये ते जास्त असते, कारण तिथे ताकद हवी. एकाच कपाटात दोन्ही प्रकार असतील तर त्यांच्या बाटल्यांवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी आणि प्रत्येक बाटलीचा चमचा त्याच बाटलीला दोऱ्याने बांधावा. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या कंपनीच्या भुकटीला वापरणे ही अगदी साधी चूक आहे, आणि मी ती अनेक दवाखान्यांत पाहिली आहे.

आता प्रत्यक्ष कृती. भुकटीची बाटली उघडण्यापूर्वी ती तळहातावर हलकेच आपटून आतली भुकटी मोकळी करावी. चमचा भरून त्याची वरची पातळी बाटलीच्या आतील कडेवर सपाट करावी; भुकटी दाबून भरू नये, कारण दाबलेला एक चमचा हा सव्वा चमचाही होऊ शकतो. भुकटी कागदी पॅडवर किंवा कोरड्या काचेच्या स्लॅबवर ठेवून तिचे दोन सारखे भाग करावेत. द्रव अगदी शेवटी, डॉक्टरांनी सांगितल्यावरच काढावा; आधी काढून ठेवलेल्या थेंबातील पाणी उडून जाते आणि राहिलेला द्रव जाड होतो. बाटली आधी आडवी धरावी, मग पूर्ण उभी उलटी करावी आणि नळीतला बुडबुडा बाहेर पडल्यावरच थेंब सोडावा. बुडबुडा असलेला थेंब दिसायला पूर्ण असला तरी त्यात द्रव कमी असतो.

कालवण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा अगेट दगडाची स्पॅच्युला घ्यावी. काचेचा चुरा स्टीलला घासतो आणि त्याचा करडा रंग सिमेंटमध्ये उतरतो. पहिला भाग द्रवात सुमारे दहा सेकंदांत मिसळावा आणि लगेच दुसरा भाग घेऊन पुढील पंधरा-वीस सेकंदांत मिश्रण पूर्ण करावे. ते घोटू नये आणि पॅडभर पसरवू नये. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतच भुकटी द्रवाने भिजवत, घडी घातल्यासारखे दुमडत कालवावे. हेतू एवढाच की प्रत्येक कणाचा बाहेरचा थर आम्लाने भिजावा आणि आतला काचेचा गाभा तसाच राहावा. तो गाभाच सिमेंटला ताकद देतो.

तयार मिश्रणावर ओली चकाकी असते. ही चकाकी म्हणजे दाताशी जोडले जाऊ शकणारे आम्ल अजून मोकळे असल्याची खूण आहे. ती गेली, मिश्रण निस्तेज झाले किंवा त्याला तारा सुटू लागल्या, तर ते दातात जाता कामा नये. भरले तरी ते दाताला चिकटणार नाही, नुसते खड्ड्यात बसून राहील. अशा वेळी ते टाकून पुन्हा कालवण्याची तयारी ठेवावी, आणि डॉक्टरांनीही त्याबद्दल सहायकावर रागावू नये. एक चमचा भुकटी रुग्णाच्या दुसऱ्या फेरीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

सिमेंट भरण्यापूर्वी डॉक्टर सामान्यतः दहा टक्के पॉलिॲक्रिलिक आम्ल दहा ते वीस सेकंद लावून दात धुतात, त्यामुळे कापण्याच्या कामातून राहिलेला मळीसारखा थर निघून जातो. कालवणे या धुण्यानंतरच सुरू करावे. भरण झाल्यावर त्यावर वार्निश किंवा पेट्रोलियम जेलीचा थर लगेच हवा. पहिल्या काही मिनिटांत या सिमेंटला पाणी लागले तर घट्ट होण्यासाठी लागणारे घटक धुऊन जातात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. उलट हवेने फार वाळवले तर बारीक भेगा पडतात. पूर्ण ताकद यायला निदान चोवीस तास लागतात, म्हणून घासून गुळगुळीत करण्याचे काम शक्यतो दुसऱ्या भेटीसाठी ठेवलेले बरे.

ड्रिल आणि वीज नसतानाही याच सिमेंटने दात वाचवता येतात. 1980 च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात केवळ हाताच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयनोमर भरण्याची पद्धत सुरू झाली, आणि 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. आश्रमशाळांतील दंततपासणी शिबिरांसाठी ही पद्धत मला अतिशय मोलाची वाटते. अशा शिबिरात सहायकाने कालवलेले सिमेंट हेच जवळजवळ सगळे काम असते, कारण बाकी यंत्रसामग्री तिथे नसतेच.

झिंक फॉस्फेट : हळूहळू आणि मोठ्या जागेत

धातूच्या कॅप बसवण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे वापरले जाणारे हे सिमेंट आता कमी दिसते, पण जिथे आहे तिथे ग्लास आयनोमरच्या सवयीने कालवले गेल्यामुळे बिघडते. याची भुकटी मुख्यतः झिंक ऑक्साइडची आणि द्रव फॉस्फोरिक आम्लाचा. दोन्ही एकत्र आले की बरीच उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने सिमेंट आणखी लवकर घट्ट होते. म्हणून इथे सगळे उलट करावे लागते. स्लॅब जाड काचेची आणि गार असावी, भुकटीचे पाच-सहा लहानमोठे भाग करावेत, सुरुवात अगदी लहान भागापासून करावी आणि प्रत्येक भाग सुमारे पंधरा सेकंद स्लॅबच्या मोठ्या भागावर पसरवत घोटावा. एकूण वेळ साधारण एक ते दीड मिनिट धरावा. स्पॅच्युला उचलल्यावर सुमारे इंचभर तार निघून मग तुटली की कॅपसाठी मिश्रण योग्य झाले असे समजावे. ते आधीच जाड झाले तर वरून द्रवाचा थेंब घालून पातळ करू नये, नवे कालवावे.

आपल्याकडची हवा इथे थेट आडवी येते. जुलै महिन्यात रत्नागिरीत किंवा पणजीत फ्रिजमधून काढलेल्या स्लॅबवर बघता बघता दव धरते. ते पाणी आम्लात मिसळले की सिमेंट लवकर घट्ट होते, म्हणजे स्लॅब गार करून मिळवलेला वेळ दवाने हिरावला जातो. पावसाळ्यात स्लॅब वाहत्या नळाखाली धरून गार करावी आणि स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडी करावी. दव धरण्याइतकी गार ती होता कामा नये. मे महिन्यातील चंद्रपूर-अकोल्याला अडचण वेगळी असते. तिथे हवा कोरडी असल्याने दवाचा त्रास नसतो, पण खोलीतच इतका उकाडा असतो की माहितीपत्रकात दिलेला कामाचा वेळ प्रत्यक्षात मिळत नाही, कारण तो वेळ साधारण 23 अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी सांगितलेला असतो. अशा दिवसांत ग्लास आयनोमरसाठीसुद्धा गार व कोरडी स्लॅब वापरावी.

लवंगेच्या तेलाचे सिमेंट आणि नसेजवळचा थर

दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवण्याचा घरगुती उपाय आणि दवाखान्यातील झिंक ऑक्साइड युजेनॉल यांचे मूळ एकच आहे, कारण युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. हे तात्पुरते भरण नसेला शांत करते. यात भुकटी भरपूर लागते. पिठाच्या घट्ट गोळीसारखे, बोटाला न चिकटणारे मिश्रण होईपर्यंत ती घालत जावी. ओल आणि उष्णता यांनी ते लवकर घट्ट होते, म्हणून ते स्लॅबवर मऊ दिसले तरी तोंडात लवकर बसते. द्रवाची बाटली गडद रंगाचीच असावी आणि उजेडापासून दूर ठेवावी.

मात्र एक नियम पक्का लक्षात ठेवावा : ज्या दातात पुढे कंपोझिट भरायचे आहे, त्यात युजेनॉल असलेले सिमेंट भरू नये. युजेनॉल कंपोझिटमधील रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. डॉक्टरांनी “तात्पुरते दे” असे सांगितले तर “पुढे काय भरायचे आहे?” असे सहायकाने विचारावे. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या दोन नळ्या येतात. दोन्हींमधून सारख्या लांबीच्या छोट्या रेघा काढून, दहा सेकंदांत एकसारखा रंग येईपर्यंत त्या मिसळाव्यात आणि गोल टोकाच्या बारीक हत्याराने फक्त सर्वांत खोल जागी ठेवाव्यात. त्याच्या तीव्र अल्कधर्मी स्वभावामुळे नसेला नवे डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, तयार करण्याची चालना मिळते, पण ते कमकुवत आणि विरघळणारे असल्यामुळे सगळ्या खड्ड्याला त्याचे अस्तर लावायचे नसते. नळ्यांची झाकणे अदलाबदल झाली तर तोंडाशीच साहित्य घट्ट होऊन नळी वाया जाते. बायोडेंटिनच्या कॅप्सूलमधील भुकटीत द्रवाचे पाच थेंब टाकून यंत्रात तीस सेकंद हलवतात, आणि ते घट्ट व्हायला सुमारे बारा मिनिटे लागतात. हा वेळ धरूनच पुढच्या रुग्णाला बोलवावे.

कंपोझिट : कालवणे नाही, पण जपणूक सर्वांत जास्त

कंपोझिट तयार नळकांड्यातून येते, म्हणून सहायकाला वाटते की आपले काम हलके झाले. प्रत्यक्षात सर्व साहित्यांत सर्वांत जास्त लक्ष याच्याकडे लागते. 1955 मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे टणक कवच, खरखरीत केल्यास रेझिन त्याला घट्ट धरते हे दाखवले, आणि 1962 मध्ये राफेल बोवेन यांनी आजच्या कंपोझिटचा पाया असलेल्या रेझिनचे पेटंट घेतले. आजही सगळी मदार त्या सूक्ष्म खरखरीतपणावर आहे, आणि त्याला लाळेचा एक स्पर्शही चालत नाही.

रंग सर्वांत आधी निवडावा, दात ओला असताना आणि शक्यतो खिडकीजवळच्या उजेडात. वाळलेला दात पांढरट दिसतो आणि त्यावरून निवडलेले भरण संध्याकाळी वेगळ्याच रंगाचे भासते. कंपोझिट फ्रिजमध्ये ठेवलेले असेल तर ते वापरण्याआधी पुरेसा वेळ बाहेर काढून ठेवावे. गार कंपोझिट कडक असते आणि खड्ड्याच्या कोपऱ्यांत नीट बसत नाही. नंतर दात लाळेपासून वेगळा करायचा. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने 1864 मध्ये आणलेला रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा, हा आजही त्यासाठीचा सर्वोत्तम उपाय आहे. रबर डॅम नसेल तर कापसाचे बोळे भिजण्याआधी बदलत राहणे आणि सक्शनची नळी हलू न देणे, हेच सहायकाचे मुख्य काम.

सुमारे 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल एनॅमलवर पंधरा ते तीस सेकंद आणि डेंटिनवर पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, असा क्रम असतो. सेकंद मोठ्याने मोजावेत. धुताना हात आखडता घेऊ नये. वाळवल्यावर एनॅमल खडूसारखे पांढरे दिसले पाहिजे, पण डेंटिन ठणठणीत कोरडे करायचे नसते. त्यावर किंचित ओलसर चमक राहू द्यावी. नेमक्या याच वेळी रुग्णाची जीभ किंवा लाळ दाताला लागली, तर ते सहायकाने लगेच सांगितले पाहिजे. त्या सांगण्याने फक्त आम्ल पुन्हा थोडा वेळ लावावे लागते. न सांगितल्यास काही महिन्यांनी भरणाच्या कडेने काळी रेघ दिसते.

बाँडिंगच्या, म्हणजे कंपोझिट दाताला जोडणाऱ्या, द्रवातील ॲसिटोन किंवा अल्कोहोल झपाट्याने उडते, म्हणून थेंब ऐन वेळी काढून बाटलीचे झाकण तत्क्षणी लावावे. हे द्रव हातमोज्यातून आत झिरपू शकतात आणि वारंवार संपर्काने त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोज्यावर थेंब पडला तर मोजा बदलावा, पुसून चालवू नये.

कंपोझिट घट्ट होताना साधारण दोन ते तीन टक्के आकसते, शिवाय प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून ते सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात. बल्क-फिल प्रकारात चार मिलिमीटरपर्यंत थर चालतो. नळकांड्यातून तुकडा काढल्यावर मागची दांडी अर्धा वळसा उलटी फिरवावी, झाकण लावावे आणि तुकडा नारिंगी झाकणाखाली ठेवावा. खुर्चीवरच्या दिव्याच्या उजेडातही तो घट्ट होऊ लागतो. तोंडात गेलेले हत्यार पुन्हा नळकांड्याला लावायचे नाही. हत्याराला कंपोझिट चिकटते म्हणून ते स्पिरिटमध्ये बुडवण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडावी. कोरड्या गॉजने हत्यार पुसत राहावे.

निळ्या प्रकाशाच्या यंत्राकडे फार कमी लक्ष दिले जाते. त्याच्या टोकावर वाळलेल्या कंपोझिटचा डाग असला तर प्रकाश तिथेच अडतो, आणि यंत्र शिटी वाजवत असल्यामुळे काम झाले असे सगळ्यांना वाटते. वरून टणक झालेला थर आत मऊ राहिलेला असू शकतो. म्हणून टोक रोज तपासावे, रेडिओमीटर असल्यास दर आठवड्याला प्रकाश मोजून वहीत लिहावा, आणि वीज गेल्यानंतर बॅटरीवरच्या यंत्राची चार्जिंग आधी पाहावी. प्रकाश देताना टोक थराच्या शक्य तितके जवळ आणि काटकोनात धरावे. यासाठी पाहणे आवश्यक असते, आणि उघड्या डोळ्यांनी पाहणे हानिकारक असते. म्हणून नारिंगी ढाल डॉक्टर, सहायक आणि रुग्ण या तिघांसाठीही हवी.

चांदी भरताना पाऱ्याची काळजी

ज्याला लोक चांदी म्हणतात त्या अमालगममध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेला भाग चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूचा. ते मजबूत आहे, थोडी ओल सहन करते आणि दाढेत वर्षानुवर्षे टिकते. पण दाताला स्वतःहून चिकटत नाही, त्यामुळे ते अडकावे म्हणून निरोगी दातही कापावा लागतो. भारताने 2018 मध्ये पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला मान्यता दिली. त्या करारातील देशांनी 2022 मध्ये दंतवैद्यकात सुटा पारा वापरू न देण्याचा आणि 15 वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अमालगम टाळण्याचा निर्णय केला.

म्हणून खलात पारा घोटून, तळहातावर घेऊन फडक्यातून पिळण्याची पद्धत आपल्या दवाखान्यात अजून असेल, तर ती आजच थांबवावी. मोजून भरलेल्या कॅप्सूलच वापराव्यात. योग्य मिश्रण चकचकीत आणि मऊ दिसते. भुसभुशीत असेल तर यंत्रात वेळ कमी पडला असे समजावे. तीन-चार मिनिटांत न वापरलेले मिश्रण टाकावे, त्यात पारा घालून मऊ करू नये. उरलेले तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवून अधिकृत संस्थेकडेच द्यावेत. ते, किंवा अमालगम भरलेला काढलेला दात, पिवळ्या पिशवीत कधीही टाकू नये, कारण ती पिशवी जाळली जाते आणि पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. पारा सांडला तर आधी अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, कारण पारा सोन्याला लगेच धरतो. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा, आणि थेंब दोन पत्त्यांच्या साहाय्याने गोळा करून सुईविना सिरिंजने उचलावेत. झाडूने झाडल्यास त्याचे असंख्य बारीक थेंब होतात आणि ते फटींत जाऊन बसतात.

रुग्ण उठण्यापूर्वी

घरी गेल्यावरच्या सूचना बहुतेक वेळा सहायकच देतात, म्हणून त्या साहित्याप्रमाणे वेगळ्या हव्यात. कंपोझिट प्रकाशानेच घट्ट झालेले असते, त्यामुळे लगेच खायला हरकत नसते. फक्त बधिरपणा असेपर्यंत गाल किंवा ओठ चावला जाण्याची भीती असते, आणि ही सूचना लहान मुलांच्या आईवडिलांना आवर्जून द्यावी. ग्लास आयनोमर भरले असेल तर निदान एक तास काही खाऊ नये आणि त्या बाजूने पूर्ण दिवस कडक काही चावू नये. अमालगमलाही पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात. तात्पुरते भरण असेल तर पुढची तारीख कागदावर लिहून द्यावी, कारण दुखणे थांबले की माणूस परत येत नाही आणि त्या सिमेंटखाली कीड पुढे सरकत राहते.

स्लॅब लगेच धुण्याची घाई करू नये. भरण्यातून उरलेला सिमेंटचा लहान गोळा तिथेच ठेवून रुग्णाला थांबवावे, आणि तो नखाने दाबला तरी दबत नाही असे झाल्यावर त्याला उठू द्यावे. स्लॅबवर सिमेंट तोंडातल्यापेक्षा सावकाश घट्ट होते, त्यामुळे गोळा कडक झाला असेल तर एकाच वेळी कालवलेले दातातले सिमेंटही झालेले असते. गोळा ठरलेल्या वेळेत कडक झालाच नाही तर रुग्ण खुर्चीवर असतानाच डॉक्टरांना दाखवावा.